कोरी सनद

राजाकडे पैसे नव्हते,
म्हणून त्याने मठाला एक कोरी सनद दिली.
खाली सही, लाखेचा लाल शिक्का,
मधे नावापुरती मोकळी जागा.
छपराची गळती थांबवा, म्हणाला,
हवं त्याला विका.

लोकर विकणाऱ्या माझ्या पूर्वजाने ती घेतली,
घासाघीस करून, बावीस हजार दुकातांना.
"कुठले मार्केस?" टाक बुडवून कारकुनाने विचारलं.
त्याला गाव नव्हतं.
आठवला फक्त सोरियाच्या माळावरचा मेंढवाडा,
जिथे नऊ वर्षांचा असताना
तो कोकरांच्या उबेला निजायचा.
माहादा रोता, त्याने सांगितलं.
मोडका मेंढवाडा.
कारकून हसला की नाही, कागदावर नोंद नाही.

पुढे प्रजासत्ताक आलं, किताब रद्द झाले.
आजोबांनी मुकुट छापलेली भेटपत्रं
बिस्किटांच्या डब्यात ठेवली सतरा वर्षं.
किताब परत मिळाले तेव्हा
पिवळी पडलेली तीच वापरली,
नवी छापायची म्हणजे खर्च.

ओरोसिया आजी त्यांच्याहून अकरा महिन्यांनी मोठी.
मुकुट भरलेल्या चादरी
ती मरेपर्यंत रफू करत राहिली.
दिवाणखान्यातल्या वंशवृक्षावर
पुरुष म्हणजे सोनेरी पानं,
बायका म्हणजे लहान वर्तुळं,
ज्यांना मुलगे झाले त्यांच्यापुरतीच.
ओरोसियाचं वर्तुळही नाही.
तिथे चित्रकाराने एक पक्षी काढलाय,
जागा भरायला.

बाबा फेब्रुवारीत गेले.
दफन उरकून जेवायला बसण्याआधीच
फाद्रिकेच्या बोटात अंगठी होती.
सैल होत होती, म्हणून आतून दोरा गुंडाळलेला.
मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी.
आता कायदा म्हणतो, पहिलं मूल,
मुलगा असो वा मुलगी.
सूपाची पळी माझ्या हातात होती.
मी त्याला आधी वाढलं, सवयीने.

माझं औषधांचं दुकान आहे.
डॉक्टरांचं अक्षर वाचण्यात तीस वर्षं गेली,
बाप्तिस्म्याच्या वह्या मला जड गेल्या नाहीत.
एका खापरपणजीला उंदराने खाल्लं होतं,
पान अर्धंच उरलेलं.
पाद्रीबाबांनी तसा दाखला दिला, सहीशिक्क्यानिशी:
उंदीर.
कर भरला, दुकानातल्या फ्रिजच्या किमतीएवढा.

"तुला काय करायचंय त्याचं?"
फाद्रिकेने फोनवर विचारलं.
मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचत नाही.
ओरोसियाचं नाव घेणार होते,
पण ते खरं कारण होतं का,
की नंतर शोधलेलं?
पुढच्या आठवड्यात पाकीट आलं, साध्या टपालाने.
आत अंगठी. दोरा तसाच.

मे महिन्यात राजपत्रात चार ओळी छापून आल्या,
वर एका अधिकाऱ्याची बदली,
खाली कुठल्याशा पुलाची निविदा.
रविवारी मी गाडी काढली.

मेंढवाडा अजून आहे.
दगडी कुंपण, वर पत्रा,
आत शंभरेक मेंढ्या, आणि लाहसेन,
मोरोक्कोच्या डोंगरातला, चाळिशीचा.
वेताचा हंगाम असला की तो इथेच निजतो.

"जमीन तुमची?"
नाही.
"मग मेंढ्या बघायला आलात?"
नाही.
"मग?"
मी म्हटलं, नाव माझं आहे. या जागेचं.
तो थोडा वेळ गप्प राहिला,
शहाणा माणूस वेड्यापुढे राहतो तसा.
"काय नाव?"
सांगितलं.

त्याने भिंतीकडे पाहिलं.
"मोडका का म्हणून?
दोनदा बांधलाय मी. या हातांनी."
मग फाटकाची सुटलेली तार ओढत म्हणाला,
"हे टोक धरा जरा."

मी धरलं.
"घट्ट," तो म्हणाला.